उपाय सापडला, कारण कुठे आहे?



ईएमआय म्हटले की आपल्याकडे बहुतेकांना घरकर्जाचा हप्ताच आठवतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला बोलायचे आहे ते दुसऱ्या ईएमआयबद्दल, म्हणजे विद्युतचुंबकीय उपद्रवाबद्दल, आणि आपल्या पदव्युत्तर वर्गांतल्या सेमिनारबद्दल. विद्युतचुंबकीय सुसंगतता (ईएमसी) म्हणजे उपकरणाने दुसऱ्याच्या कामात लुडबूड करू नये आणि दुसऱ्याची लुडबूड त्याला सोसता यावी. या विषयावरचे सेमिनार बहुधा एकाच वळणाने जातात. उपकरण चाचणीत नापास झाले, केबलवर फेराइट चढवला, आलेख मर्यादेखाली उतरला, टाळ्या. माझ्या मते एवढ्यावर संशोधन सुरूही झालेले नसते. उपद्रव कुठून निघाला, कोणत्या वाटेने गेला आणि कुणाला बाधला, हे तीन प्रश्न पहिल्याच तासाला शिकवले जातात. त्यातली मधली वाट सिद्ध होत नाही तोवर लागू पडलेला उपाय हा योगायोगच समजावा.

ही हयगय विद्यार्थ्यांपुरती नाही. 29 जुलै 1967 रोजी टोंकिनच्या आखातात अमेरिकेच्या ‘फॉरेस्टल’ या विमानवाहू नौकेवर आग भडकली आणि 134 जण मृत्युमुखी पडले. ईएमसीच्या व्याख्यानांत ही घटना हटकून येते. कथा अशी सांगतात की विमानातल्या एका केबलचे शिल्ड नीट जोडलेले नव्हते, रडारच्या लहरी आत शिरल्या आणि अस्त्र सुटले. नासाच्या 1995 सालच्या एका संदर्भपुस्तिकेतही ती छापली आहे, आणि तिथे तर विमान नौकेवर उतरत असल्याचे म्हटले आहे. नौदलाच्या चौकशीतले चित्र निराळे आहे. विमान डेकवर उभे होते. बाहेरचा वीजपुरवठा सोडून स्वतःच्या पुरवठ्यावर जाताना विजेचा झटका आला आणि झुनी रॉकेट सुटले. रॉकेटची जोडणी कधी करायची आणि सुरक्षा-पिन कधी काढायची, याचे नियमही पाळले गेले नव्हते. कुणी म्हणेल, उपद्रव शेवटी विद्युतच होता, मग एवढा काथ्याकूट कशाला? रडारला दोषी धरले तर आपण शिल्ड सुधारत बसू आणि जोडणीचा क्रम तसाच घातक राहील, म्हणून.

वाट शोधणे म्हणजे काय, हे पाहायला दूर जायला नको. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना अंतराळातून येणारे अतिक्षीण संकेत टिपतात आणि विजेच्या तारांवरची ठिणगी त्यांना सहज झाकोळते. सैल जोडणीवर किंवा खराब इन्सुलेटरवर ठिणगी पडते ती दाब शिगेला पोचतो तेव्हा. आपला पुरवठा 50 हर्ट्‌झचा, म्हणजे दाब दर 10 मिलिसेकंदांनी शिगेला पोचणार. नोंदीत स्पंदांचे झुबके तेवढ्याच अंतराने दिसले तर संशयित हाती लागला. पुढे दिशादर्शक अँटेना घेऊन नेमका खांब गाठायचा, जोडणी घट्ट करायची आणि झुबके गेले का ते पाहायचे. इथे अंदाज आधी बांधला जातो आणि मग मोजमाप त्याची परीक्षा घेते. आपल्या सेमिनारांत हा क्रम उलटा असतो.

यावर पहिला आक्षेप उद्योगाचा. माल महिनाअखेरीस बाहेर पडायचा असताना कारणे शोधायला सवड कुणाला? कारखान्यापुरते ते मान्य. तिथे फेराइट लावून मोकळे व्हा. पण प्रबंधाला महिनाअखेर नसते. दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. प्रतिध्वनिरहित चेंबर कोट्यवधींचा, तो महाविद्यालयाने आणायचा कुठून? पण वाट शोधायला चेंबर लागतोच असे नाही. 1 मीटर लांबीच्या केबलमध्ये 50 मेगाहर्ट्‌झला फक्त 5 मायक्रोअँपिअर कॉमन-मोड प्रवाह असला, तरी 3 मीटरवरचे क्षेत्र मीटरला सुमारे 100 मायक्रोव्होल्ट भरते. घरगुती उपकरणांसाठी अमेरिकेने घातलेली मर्यादा त्या पट्ट्यात एवढीच आहे. हा प्रवाह करंट क्लॅम्प आणि स्पेक्ट्रम अॅनालायझर घेऊन साध्या टेबलावर मोजता येतो, आणि तो कोणत्या जोडणीतून केबलमध्ये शिरतो हेही तिथेच हुडकता येते.

उलट, महागड्या चेंबरमधल्या आकड्यावर आंधळा विश्वास टाकणेही बरे नव्हे. प्रारित उत्सर्जनाच्या मोजमापात पाच-सहा डेसिबेलची अनिश्चितता प्रमाणित प्रयोगशाळेतही गृहीत धरली जाते. 6 डेसिबेल म्हणजे क्षेत्राची तीव्रता दुप्पट. मग केबल जराशी सरकल्याने आलेला 3 डेसिबेलचा फरक ‘सुधारणा’ म्हणून पडद्यावर दाखवला जातो, तेव्हा समोर बसलेल्या आम्हा परीक्षकांपैकी किती जण तो दुसऱ्यांदा मोजायला सांगतात? उत्तर आपल्याला ठाऊक आहे आणि ते फारसे भूषणावह नाही.

म्हणून मार्गदर्शकांना माझी विनंती आहे. येत्या सत्रात विद्यार्थ्याला उपकरण चालू करण्याआधी आपला अंदाज आकड्यांत लिहून, खाली तारीख घालून तुमच्याकडे द्यायला सांगा. उपाय लागू पडला, तर तो काढून दोष परत येतो का हे सर्वांसमोर दाखवायला लावा. आणि अंदाज चुकला म्हणून त्याचे गुण कापू नका.