शिळेवरील नावे

पिंपरी-चिंचवडला लागूनच खडकीचे युद्धस्मारक आहे. पहिल्या महायुद्धात भारतात मरण पावलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांची नावे तेथे आहेत. दुसऱ्या महायुद्धातील सुमारे २०० आफ्रिकी सैनिकांचीही आहेत. ज्या साम्राज्याने त्यांना गुलाम केले, त्याच्याचसाठी ते परमुलखात मेले.

मरणोत्तर सर्वांना समान मान, हे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाचे तत्त्व. परंतु पहिल्या महायुद्धातील किमान १,१६,००० मृतांचे, मुख्यतः पूर्व आफ्रिकी व इजिप्शियनांचे, नावानिशी स्मरणच झाले नाही, हे आयोगाच्याच समितीने २०२१ साली मान्य केले.

नावाची नोंद ही न्यायाची पहिली पायरी होय. म्हणून खडकीला फुले वाहून परतणाऱ्या कार्यकर्त्याने एवढे अवश्य विचारावे : चाकणला यंत्राखाली मेलेल्या कंत्राटी कामगाराचे नाव कोणत्या नोंदवहीत आहे?