कापूस भरण्याआधी चाक पाहा



हिंगणघाटला कापूस नेताना आमची पिकअप डावीकडे ओढू लागली. उतरून पाहतो तर पुढचं डावं चाक तापलेलं, जळका वास. आणि वर कापूस! मिस्त्री म्हणाला, कॅलिपरच बदला. कापसाचा भाव आपल्या हाती नाही. हा खर्च तरी तपासू म्हटलं.

जॅक लावला. चाक हातानं फिरेना. ब्रेक ऑइलचा निपल सैल केला, तरी फिरेना. तेव्हा सुटलं असतं तर दोष वरचा, बहुधा नळीचा. आतली पट्टी झिजलेली, बाहेरची शाबूत. म्हणजे सरकत्या पिना गंजलेल्या. पिना घासून ब्रेकचंच ग्रीस लावलं. साध्या ग्रीसनं रबर फुगतं. पिस्टन दाबल्यावर मागे गेला, म्हणून कॅलिपर वाचला. पट्ट्या मात्र दोन्ही चाकांच्या बदलल्या, हवा काढली, मगच कापूस भरला.