हेल्मेटवरचं नाव आणि इकाम्यावरचं नाव

(राबिघच्या आमच्या कॅम्पमध्ये शुक्रवारी दुपारी मेसमध्ये जे बोललो, त्याचा हा मजकूर. ड्युटीमुळे जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी लिहून काढला आहे.)

जेवणं झालीत, आठवड्याची एकच सुट्टी, झोप येणार हे मला माहीत आहे. पण आधी एक काम करा. खिशातला इकामा काढा आणि मालकाचं नाव वाचा. अरबी येत नसेल तर शेजारच्याला विचारा. आता तेच नाव तुमच्या हेल्मेटवर आहे का बघा.

बऱ्याच जणांचं जुळणार नाही. आजचं बोलणं त्यावरच आहे.

मी डिप्लोमा सिव्हिल. कॉलेजात काँक्रीटचं प्रमाण शिकवलं, पण कंपनी म्हणजे काय हे कुणी शिकवलं नाही. त्याची किंमत माझ्या माणसांनी मोजली. काही वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली अकरा जणांची शटरिंगची गँग होती. तीन महिने पगार नाही. मला विचारायला आले तेव्हा मी म्हणालो, "अरे, एवढी मोठी कंपनी आहे, पैसे कुठे जातायत?" मी हेल्मेट बघून बोललो. पोरं त्या मोठ्या कंपनीच्या ऑफिसात खेटे घालत राहिली. शेवटी तिथला माणूस म्हणाला, "तुमच्या मालकाचं बिल आम्ही कधीच दिलंय." इकाम्यावर दुसरंच नाव होतं. त्या नावावर तक्रार केली तेव्हा नऊ जणांचे पैसे सुटले. दोघं कंटाळून आधीच काम सोडून गावी गेले होते. वर्ष उलटलं, त्यांचे बुडाले. त्यांना फोन करायला मला आजही जड जातं.

म्हणून सांगतो, तुमचा पगार देणं लागतो तो इकाम्यावरचा आणि करारावरचा मालक. त्याचं नाव कळलं की पुढचा प्रश्न: तो कोणत्या प्रकारचा आहे? नावातला पहिला शब्द बघा.

'मुअस्ससा' असेल तर तो एकट्याचा धंदा. गावातलं किराणा दुकान समजा. दुकान आणि दुकानदार कायद्याला एकच. धंद्याचं देणं हे त्याचं स्वतःचं देणं, त्याच्या घरा-गाडीपर्यंत पोचू शकणारं.

'शरिका' म्हणजे कंपनी. तिचे प्रकार आहेत. 'तदामुन' म्हणजे भागीदारी. दोघा भावांनी मिळून जेसीबी घेतला तर हप्त्याला दोघंही पुरे बांधलेले, तसंच. 'मसऊलिया महदूदा' म्हणजे मर्यादित जबाबदारी, आपल्याकडची प्रायव्हेट लिमिटेड. इथे कंपनी ही कायद्याच्या नजरेत स्वतंत्र व्यक्ती. ती करार करते, कर्ज घेते, तिच्यावर खटला होतो. ती बुडाली तर देणं तिच्याच मालमत्तेतून. मालकाचं घर सहसा सुरक्षित. 'मसाहमा' म्हणजे शेअरची कंपनी. आपल्या शेजारची पेट्रो राबिघ तशी: सौदी अरामको आणि जपानच्या सुमितोमो केमिकलने २००५ मध्ये उभी केली, २००८ पासून शेअर बाजारात आहे.

आता लक्षात घ्या, एकाच साईटवर प्रकल्पाची मालक मसाहमा असते, मुख्य ठेकेदार मर्यादित जबाबदारीची शरिका, आणि माणसं पुरवणारा एखादा मुअस्ससा. वरच्याकडे पैसा आहे म्हणून तुमचा पगार सुरक्षित आहे, असं नाही.

आणि खुद्द मालक मोठा असला तरी गाफील राहू नका. सौदी ओजर ही इथली बलाढ्य बांधकाम कंपनी. २०१६ मध्ये तिचे हजारो भारतीय कामगार पगाराविना अडकले, जेद्दाच्या आपल्या कॉन्सुलेटला कॅम्पांत जेवण पोचवावं लागलं. २०१७ च्या जुलैअखेर कंपनी बंद झाली. मर्यादित जबाबदारीच्या कंपनीत पगार थकला तर "पुढच्या महिन्यात बघू" म्हणत बसू नका, कारण तिची तिजोरी रिकामी झाली की मागायला दुसरं दार सहसा नसतं.

इथल्या कामगार कायद्याची तीन कलमं ध्यानात ठेवा.

कलम १८: कंपनी दुसरीत विलीन झाली किंवा मालक बदलला तरी तुमचा करार चालू राहतो, आणि मागच्या थकबाकीला जुना-नवा दोघंही जबाबदार. एकट्याचा मुअस्ससा विकला गेला तर मागची थकबाकी नव्या मालकावर टाकायला तुमची लेखी संमती लागते. तो कागद पुढे आला की वाचल्याशिवाय सही करू नका.

कलम १९: मालक दिवाळखोर झाला तर कामगाराचं देणं अग्रक्रमाचं. त्यातही एक महिन्याचा पगार कोर्टखर्चाच्याही आधी द्यायचा.

कलम २३४: नोकरी संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत दावा लावायचा. माझी ती दोघं पोरं इथेच अडकली.

तक्रारीसाठी मंत्रालयाचा नंबर १९९११. आधी समझोत्याचा प्रयत्न होतो, २१ दिवसांत. नाही जमलं तर कामगार न्यायालय. जेद्दाच्या कॉन्सुलेटलाही कळवा. सोबत इकामा, किवावरचा करार आणि बँकेचं स्टेटमेंट. सगळ्याचा फोटो काढून घरी पाठवून ठेवा. आणि 'मुखालसा', म्हणजे सगळा हिशोब मिळाला असा कागद, पैसे हातात आल्याशिवाय सही करायचा नाही. "सही कर, पैसे खात्यावर येतील" हे मी फार वेळा ऐकलंय.

जाता जाता एक. कुणी म्हणेल, "माझ्या नावावर मुअस्ससा काढू, धंदा तू चालव, मला महिन्याला ठरावीक दे." याला इथे 'तसत्तुर' म्हणतात. पाच वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाख रियालपर्यंत दंड. कष्टाची बचत त्यात घालू नका.

उद्या सकाळी बसमध्ये चढण्याआधी करारावरचं नाव आणि इकाम्यावरचं नाव जुळतंय का बघा. जुळत नसेल तर माझ्याकडे या. या वेळी मी हेल्मेट बघून उत्तर देणार नाही.