तीनच का?

(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



बोलायला पाच मिनिटे मिळाली आहेत. त्यात मला एक जुनी उधारी फेडायची आहे.

१९९४ साल, नववीचा वर्ग. बाईंनी परीक्षानळीत नवसागर आणि विझवलेला चुना एकत्र तापवला. उग्र वास सुटला. आम्ही नाकाला रुमाल लावले. ओला लाल लिटमस नळीच्या तोंडाशी धरताच निळा झाला. बाईंनी फळ्यावर लिहिले, 'अमोनिया : एनएच३' आणि मला उभे केले. "तीनच का? दोन का नाही, चार का नाही?"

पहिला नंबर माझा असायचा. सूत्र पाठ होते, कारण ठाऊक नव्हते. तेवढ्यात शेजारून कुजबुज आली, "नायट्रोजनला तीन हात, हायड्रोजनला एकच." मी तेच मोठ्याने म्हटले. बाई म्हणाल्या, "शाब्बास!" माझी मैत्रीण काही बोलली नाही. तिचे वडील कल्हई करायचे. मधल्या सुट्टीत ती एवढेच म्हणाली, "तापल्या भांड्यात नवसागर टाकला की आमच्याकडे असाच वास येतो गं."

लाज वाटली म्हणून त्या रात्री मी पुस्तक उघडले. नायट्रोजनच्या बाहेरच्या कवचात पाच इलेक्ट्रॉन, हवेत आठ. तीन कमी. हायड्रोजनच्या प्रत्येक अणूशी एकेका इलेक्ट्रॉनची भागीदारी केली की हिशोब पुरा. हेच ते तीन हात! अणू मोजले तर चारांतले तीन हायड्रोजनचे. पण वजन केले तर सतरा भागांतले चौदा, म्हणजे सुमारे ८२ टक्के, नायट्रोजनचे.

'चार का नाही?' हे कळायला मात्र अकरावी उजाडली. अमोनियातल्या नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनची एक जोडी शिल्लक असते. स्वतःचा इलेक्ट्रॉन न आणता आलेला चौथा हायड्रोजन त्या जोडीवर सामावतो आणि अमोनियम तयार होते. तेच नवसागरात असते. म्हणजे चौथ्याचे उत्तर मैत्रिणीच्या घरातच होते.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन असूनही पिकांना तो थेट घेता येत नाही, कारण त्याचे दोन अणू एकमेकांना तिन्ही हातांनी घट्ट धरून बसतात. जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये मोठा दाब, उष्णता आणि उत्प्रेरक वापरून ती मिठी सोडवली व अमोनिया बनवून दाखवला. कार्ल बॉश यांच्या प्रयत्नांतून १९१३ मध्ये त्याचा कारखाना सुरू झाला. आज शेतात पडणारा युरिया अमोनियापासूनच बनतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये आले. कुठून तरी उचललेला कोड 'चालतोय ना' म्हणून कुणी पुढे सरकवला, की मी विचारते, "असंच का?" माझ्या हाताखालच्या मुलांना वाटते, ही माझी हुशारी. ती बाईंची आहे.

आणि ते उत्तर माझ्या मैत्रिणीचे. दहावीनंतर तिची शाळा सुटली, माझे शिक्षण चालू राहिले. तीस वर्षांत मी हे कुणालाही सांगितले नाही, तिनेही नाही.

बाई, ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. माझ्या नावावरची ती शाब्बासकी तेवढी तिच्या नावावर करा.