आपली मोटार घेऊन फ्रान्सला
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला भाषण करायला सांगितले, तेव्हा मी पहिल्यांदा नाहीच म्हटले. मंडळात माझे काम सतरंज्या घालण्याचे आणि अल्पोपाहाराचे. पण त्या म्हणाल्या, "तुम्ही मोटारीतून समुद्राखालून गेलात, ते सांगा. बाकी काही नको." म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

माझे धाकटे दीर लंडनजवळ स्लाउ गावी राहतात. 2023 च्या उन्हाळ्यात जाऊबाईंचे ऑपरेशन व्हायचे होते, म्हणून मी तीन महिने तिकडे गेले होते. निघण्यापूर्वी आपल्या मावशी माझ्याकडे आल्या. त्या आज पुढच्याच रांगेत बसल्या आहेत. त्यांचे आजेसासरे आपल्या खडकीच्या सॅपर्समध्ये होते. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेले ते परत आले नाहीत. घरी नुसते कळले की गेले. मावशी म्हणाल्या, "तिकडे कुठे त्यांचे नाव कोरले आहे म्हणतात. तू एवढ्या जवळ जातेस, तर एक फूल वाहून ये."

जवळ म्हणजे किती जवळ, हे मावशींनाही ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. मी हो म्हणून बसले.

पहिली अडचण व्हिसाची. इंग्लंडचा व्हिसा फ्रान्सला चालत नाही. दिरांच्या घरच्यांचे पासपोर्ट तिकडचे, त्यांना काही लागत नाही; मला एकटीला वेगळा शेंगेन व्हिसा हवा. आणि इंग्लंडला पाहुणी म्हणून गेलेल्या बाईने तो इथूनच काढून न्यावा, असे भाऊजींनी फोनवर बजावले. मुंबईला जाऊन बोटांचे ठसे दिले, 80 युरो फी भरली, आणि 30000 युरोपर्यंतच्या आजारपणाचा विमा काढला. त्यावेळी फी तेवढी होती, पुढल्या वर्षी ती वाढली. आमचे हे म्हणाले, "एका फुलासाठी केवढा हा खटाटोप!" मी गप्प राहिले. मावशींना शब्द दिला होता.

जाऊबाई बऱ्या झाल्यावर मेअखेर तीन दिवसांचा बेत ठरला. मुलांना डिस्नेलँड हवे होते, भाऊजींच्या मनात पॅरिस होते. मी भीत भीत माझे सांगितले. भाऊजी नकाशा बघून म्हणाले, "वहिनी, हे तर बोगद्यापासून सव्वा तासावर आहे. आधी तुमचे काम, मग मुलांना समुद्र." मुले दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाहीत.

आता तयारीचे सांगते. आपली मोटार परदेशी न्यायची म्हणजे तिचेही कागद माणसासारखेच लागतात. मोटारीच्या नोंदणीचे मूळ पत्र, विमा, चालवणाराचा परवाना. विमा कंपनीला आधी विचारावे लागते, कारण परदेशात पुष्कळदा नुसता दुसऱ्याच्या नुकसानीपुरताच विमा चालतो, आपल्या गाडीचा नाही. मागे "यूके" अक्षरांची पट्टी लावायची; पूर्वी "जीबी" लावीत, ते 2021 पासून बदलले. गाडी बंद पडली तर रस्त्यावर ठेवायला लाल त्रिकोण हवा, आणि अंगात घालायची चमकणारी जाकिटे. ही जाकिटे डिकीत ठेवून चालत नाहीत, हाताशी ठेवावी लागतात, म्हणजे गाडीतून उतरण्याआधीच घालता येतात. मला हे फार पटले. आपण सगळ्या गरजेच्या वस्तू माळ्यावर ठेवतो आणि पाहुणे दारात आले की शिडी शोधतो.

आणखी एक गंमत. इंग्लंडात आपल्यासारखे डावीकडून चालवतात, म्हणून तिथल्या मोटारीच्या दिव्याचा झोत किंचित डाव्या कडेला वळलेला असतो. फ्रान्समध्ये उजवीकडून चालवायचे, तेव्हा तोच झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाईल. म्हणून दिव्यांच्या काचेवर एक चिकटपट्टी लावतात. परत आल्यावर ती आठवणीने काढायची.

शिदोरीचे माझ्याकडे होते. मी दशम्या करणार होते, पण जाऊबाई म्हणाल्या, 2021 पासून इंग्लंडातून तिकडे दूध-दुभत्याचे आणि मांसाचे जिन्नस नेऊ देत नाहीत. दही, तूप, पनीर सगळे घरी ठेवले. मग तेलावरची थालीपिठे, दाण्याची चटणी आणि गुळपोळ्या केल्या. पोळ्यांना तूप न लावता नेण्याची माझी ही पहिलीच खेप.

पहाटे निघालो. फोकस्टन गावी बोगद्याचे स्थानक आहे. मोटार फाटकाशी गेली की यंत्र तिचा नंबर वाचते आणि एक अक्षर छापलेली चिठ्ठी बाहेर येते, ती आरशाला अडकवायची. मग पासपोर्ट. फ्रान्सचे पोलीस इंग्लंडच्याच जमिनीवर चौकी घालून बसतात, म्हणजे पलीकडे उतरल्यावर थांबायला नको. बाकीच्या चौघांचे पासपोर्ट भराभर झाले. माझा त्या बाईने उलटसुलट पाहिला आणि कुठे चालला म्हणून विचारले. भाऊजी सांगू लागले, तेव्हा तिने माझ्याकडे बोट केले. मी म्हटले, "न्यू शापेल, सोल्जर." एवढेच आले मला. तिने माझ्याकडे जरा पाहिले, आणि शिक्का मारला.

मोटार तशीच्या तशी आगगाडीच्या डब्यात शिरते, एकामागे एक, आपण आत बसलेल्या. हातब्रेक ओढायचा, गियर घालून ठेवायचा, काच थोडी खाली. 35 मिनिटांत पलीकडे. हा बोगदा 1994 साली सुरू झाला. लांबी 50 किलोमीटर, त्यांतले सुमारे 38 समुद्राखाली. मला वाटले होते मासे दिसतील! दिसते काय, तर डब्याची पिवळी भिंत. कान मात्र दडे बसल्यासारखे झाले. ज्यांना समुद्रच पाहायचा असेल त्यांनी डोव्हरहून बोटीने जावे, तिला दीड तास लागतो.

पलीकडे निघालो ते थेट मोठ्या रस्त्यावर. घड्याळ एक तास पुढे केले. आणि इथून माझी परीक्षा सुरू झाली. मागे बसले की मला मळमळते, म्हणून मी पुढे, भाऊजींच्या डाव्या हाताला होते. आता मोटार इंग्लंडची, चालवणारा उजवीकडे. पण रस्ता फ्रान्सचा. टोल द्यायचे यंत्र डावीकडे, म्हणजे माझ्या खिडकीशी! टोल भरायचा तो मीच. नाक्याला ते पेआज म्हणतात. शिरताना चिठ्ठी घ्यायची, बाहेर पडताना चिठ्ठी आणि कार्ड यंत्रात घालायचे. पहिल्या वेळी भाऊजींनी मोटार जरा लांब उभी केली, माझा हात पोचेना, दार उघडावे तर कठड्याला लागे. मागे रांग. शेवटी कंबरेपर्यंत खिडकीबाहेर निघाले आणि चिठ्ठी ओढली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. दोन दिवसांत पहिल्यांदाच हसली.

मोठ्या रस्त्यावर 130 चा वेग, पाऊस असेल तर 110. लहान रस्त्यावर 2018 पासून सरसकट 80 केला आहे, काही जिल्ह्यांनी पुढे काही रस्त्यांवर पुन्हा 90 केला. गावाच्या नावाची पाटी आली की 50, आणि त्याच नावावर तांबडी तिरपी रेघ दिसली की गाव संपले. गावात एक नियम असा की, दुसरी काही खूण नसेल तर उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, मग ती गल्ली एवढीशी का असेना.

आता जे सांगते ते मी घरीसुद्धा फारसे सांगितलेले नाही. लहान रस्त्याला लागल्यावर पुढे एक ट्रॅक्टर होता. भाऊजी उजवीकडे बसलेले, त्यांना ट्रॅक्टरपलीकडचे काही दिसेना. मी डावीकडे, मला दिसे. ते विचारीत, "वहिनी, समोरून काही येते का?" मी नीट पाहून सांगत असे. दोन वेळा बरोबर सांगितले, आणि मला जरा अभिमान वाटू लागला. तिसऱ्या वेळी मी म्हटले, "जा." मोटार बाहेर निघाली आणि समोर मोटारसायकल! मी मोटारी तेवढ्या बघत होते, बारीक काही बघितलेच नव्हते. भाऊजींनी करकचून ब्रेक दाबला आणि पुन्हा ट्रॅक्टरमागे आले. तो मोटारसायकलवाला हाताने काहीतरी म्हणत निघून गेला. मागे दोन लेकरे आणि टाके नुकते सुकलेली जाऊबाई. भाऊजी मला एक अक्षर बोलले नाहीत. पुढे तीन दिवस त्यांनी कोणाला मागे टाकले नाही, ट्रॅक्टर असो की बैलगाडी. आपल्यापैकी कुणी कधी त्या जागेवर बसली, तर "मला कळत नाही" म्हणायला लाजू नका.

न्यू शापेल हे शेतांमधले लहानसे गाव. रस्त्याच्या तिठ्याजवळ हिंदी सैनिकांचे स्मारक आहे. 1927 साली ते उभे केले. गोल आवार, एका बाजूला जाळीचे नक्षीकाम, एका बाजूला भरीव भिंत, आणि सुमारे 15 मीटर उंच खांब, त्यावर कमळ. खांबाशी दगडाचे दोन वाघ. परक्या मुलखात ते आपल्या घाटाचे काम पाहून मला एकदम भरून आले. ज्यांची थडगी वा चिताही सापडली नाही अशा 4700 हून अधिक हिंदी माणसांची नावे तिथे आहेत. नुसते शिपाईच नव्हेत, मजूरही. 1914 च्या सप्टेंबरात ही माणसे मार्सेल्सला उतरली, आणि 28 ऑक्टोबरला ह्याच गावावरच्या हल्ल्यात खडकीच्या सॅपर्सच्या 20 व्या आणि 21 व्या कंपन्या होत्या. सॅपर म्हणजे पूल बांधणारे, खंदक खणणारे. त्यांनी त्या दिवशी बंदुका घेऊन घराघरांत लढाई केली. पुढल्या मार्चमध्ये पुन्हा मोठी लढाई झाली ती इथेच. पहिला हिवाळा. आपल्याकडच्या माणसाला ती थंडी काय सोसली असेल! मेमध्ये मी शाल घेतली होती.

नावे पलटणवार कोरली आहेत, इंग्रजी अक्षरांत. सातवीपर्यंतचे इंग्रजी मला अक्षरे लावण्यापुरते येते. बोट फिरवीत एकेक वाचू लागले. माझ्या मागे धाकटी पुतणी, सात वर्षांची. तिला मराठी वाचता येत नाही आणि मला इंग्रजी भराभर येत नाही. ती अक्षरे सांगे, मी त्याचे नाव करी. गणपत, तुकाराम, राघू... तिला वाटले खेळ आहे. मग तिने विचारले, "काकू, हे सगळे आपल्या घरचे आहेत का?"

मावशींच्या आजेसासऱ्यांचे नाव सापडले. नाव इथे सांगत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. पण तेच नाव दोनदा होते. गावाची नोंद असलेली वही तिथे भिंतीतल्या पेटीत असते. एकासमोर गावाचे नाव इतके मोडून लिहिले होते की आमचे म्हणावे की नाही कळेना, आणि दुसऱ्यासमोर गावच नव्हते. भाऊजींनी फोटो घेतले. गावातले दुकान दुपारी बंद, फुले मिळाली नाहीत. मुलांनी शेताच्या कडेची तांबडी पॉपीची फुले आणली. ती तोडताच पाकळ्या गळतात. दोन्ही नावांखाली राहिली तेवढी ठेवली. बरोबर आणलेल्या गुळपोळीचा एक तुकडाही ठेवला. तूप नव्हते तिला.

मावशींनी मूठभर माती आणायला सांगितली होती. ती आणली नाही, मावशी. परदेशची माती परवान्याशिवाय आपल्या देशात आणू देत नाहीत, आणि मला लपवाछपवी जमत नाही.

रात्र बेथ्यून गावी काढली. दुसऱ्या दिवशी बुलोनला मुलांना मोठे मत्स्यालय दाखवले. डिझेल भरताना भाऊजी नीट पाहत होते, कारण पंपावर "गाझोल" लिहिलेले असते ते डिझेल. नाव ऐकून कुणाला पेट्रोल वाटावे. तिसऱ्या दिवशी परत. घरी पोचल्यावर अंधारात समोरचे मोटारवाले दिवे मिचकावू लागले, तेव्हा आठवले की चिकटपट्ट्या काढायच्या राहिल्या. भाऊजी आणि मी दोघांनी रस्त्याकडेला उभे राहून नखांनी त्या खरवडल्या. पहिल्यांदाच ते म्हणाले, "वहिनी, त्या मोटारसायकलचे मनाला लावून घेऊ नका. मीही पाहायला हवे होते."

दोन्ही फोटो मी मोठे करून आणले आहेत. कार्यक्रम संपला की मावशींजवळ ठेवते, ज्यांना पाहायचे त्यांनी पाहावे.