फाटकावरचा माणूस

दिवेआगरहून बोलतेय. कोणी सुपारी सोलत ऐकत असाल, कोणी भाजी निवडत. हात चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या.

आज बोलायचंय फाटकाबद्दल. आपल्या आगराला बेडं असतं. दोन खांब आणि त्यात आडव्या सरकवलेल्या बांबूच्या दांड्या. ते गुरांसाठी. माणूस आला की दांडी सरकवतो, आत येतो, दांडी परत लावतो आणि "आहेस का गो घरात?" म्हणून हाक मारतो.

आता आपल्या किनाऱ्याला मुंबई-पुण्याच्या लोकांचे बंगले झालेत. काही ठिकाणी दहा-पंधरा बंगल्यांना मिळून एक कुंपण आणि एक फाटक. आपल्यातल्या कितीतरी जणी तिथे झाडलोट, स्वयंपाक, चादरी धुणं अशी कामं करतात. अशाच एका ठिकाणी गेल्या वर्षी फाटकावरचा राखणदार काढला आणि यंत्र बसवलं. मालकांच्या गाडीच्या काचेवर एक पट्टी असते. गाडी जवळ आली की दांडा आपोआप वर जातो. टोलनाक्यावरच्या फास्टॅगचीच ही जात. त्या पट्टीत बॅटरी नसते. खांबावरचं यंत्र लहरी सोडतं, पट्टी आपला नंबर परत पाठवते, नंबर यादीत असला की दांडा उघडतो.

पण आपण गाडीतून जात नाही. आपल्यासाठी काय? तर मालकाला फोन करायचा, तो मुंबईत बसून मोबाइलवरून फाटक उघडणार.

आमच्या गटातली एक ताई तिथे तीन घरांचं काम करते. एका सकाळी ती फाटकाशी उभी राहिली. मालक मीटिंगमध्ये, फोन उचलेनात. पाऊण तास उन्हात गेला. पहिल्या घरी उशीर, म्हणून दुसऱ्या घरी उशीर, आणि तिसऱ्या घरची पाहुणेमंडळी ताईवरच चिडली. असं महिन्यातून चारदा झालं. गटाच्या बैठकीत ती म्हणाली, "मी हे काम सोडते." तिचा कर्जाचा हप्ता त्याच कामावर चालतो. म्हणजे प्रश्न तिच्या एकटीचा उरला नाही.

आता मी असं म्हणणार नाही की यंत्र वाईट आणि माणूस चांगला. आपल्या गावाला तर हे बोलताना थांबायलाच हवं. १७ नोव्हेंबर १९९७ ला इथे एका सुपारीच्या वाडीत सोन्याचा गणपती सापडला आणि गावाचं नशीब पालटलं. २४ मार्च २०१२ ला देवळावर दरोडा पडला, मूर्ती गेली, आणि रात्रपाळीचे दोन राखणदार मारले गेले. चोरांनी मूर्ती वितळवली. मिळालेल्या सोन्यातून पुन्हा मूर्ती घडली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये देवळात आली. ती दोन माणसं मात्र परत आली नाहीत. हातात काठी देऊन गरीब माणसाला रात्रभर दारात उभं करायचं आणि सगळा धोका त्याच्या अंगावर टाकायचा, हे बरोबर नाही. तेवढं काम कुलपानं, कॅमेऱ्यानं, भोंग्यानं केलं तर मला आनंदच आहे.

माझं म्हणणं वेगळं आहे. राखणदार फाटक उघडायचा, एवढंच मालकांना दिसत होतं. आम्ही बैठकीत बसून यादी केली की तो खरं काय काय करायचा. टाकी भरली की पंप बंद करायचा. गॅसवाल्याला घर दाखवायचा. साप निघाला तर कोणाला बोलवायचं हे त्याला ठाऊक. नारळ पडायला आलेत, खाली गाडी लावू नका, असं पाहुण्यांना सांगायचा. आणि एखादी बाई कामाला आली नाही, तर घरी निरोप धाडून चौकशी करायचा. यातलं एकही काम त्या दांड्याला जमत नाही. त्याला "तू यादीत आहेस का?" एवढंच विचारता येतं.

दुसरी गोष्ट विजेची. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आपण कोणी विसरलो नाही. माड, सुपाऱ्या आडव्या झाल्या, खांब पडले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. मोबाइलला रेंज नव्हती. अशा वेळी मोबाइलवर उघडणारं फाटक कोण उघडणार? यंत्राला बॅटरी असते, ती काही तास टिकते. त्यानंतर हातानं उघडायची सोय असते, पण त्याची किल्ली लागते. आम्ही विचारलं, किल्ली कुठे आहे? उत्तर आलं, दादरला!

मग आम्ही पाच जणी रविवारी मालकांच्या मंडळाला भेटलो. भांडायला गेलो नव्हतो. यादी लिहून नेली होती. तीन गोष्टी मागितल्या. पहिली, कामाला येणाऱ्या प्रत्येकीला स्वतःचं कार्ड, म्हणजे कोणाच्या फोनची वाट बघायला नको. त्यांनी आधी अंगठ्याचं यंत्र सुचवलं होतं. आम्ही म्हटलं, रेशनच्या मशीनवर काय होतं ते आम्हाला विचारा. भांडी घासून, सुपारी सोलून, मासळी साफ करून बोटांच्या रेषा झिजतात, अंगठा उमटत नाही. कार्डच द्या. दुसरी, हातानं उघडायची किल्ली गावात, फाटकाशेजारच्या घरी ठेवा. रुग्णवाहिका आली तर दादरहून किल्ली येणार नाही. तिसरी, काढलेल्या राखणदाराचं काय ते बोला.

पहिल्या दोन मिळाल्या. तिसरी अर्धीच. त्याला तीन बंगल्यांचं बागेचं काम मिळालं, आठवड्यातून दोन दिवस. पूर्वीच्या पगाराइतके पैसे त्यात होत नाहीत, हे मी लपवत नाही. त्याची बायको आमच्याच गटात आहे. तिच्या हप्त्याची मुदत आम्ही वाढवून दिली. कोणाच्या घरात राखणदार असेल तर एक सांगते. महाराष्ट्रात खासगी सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ चा कायदा आहे आणि त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळं आहेत. नोकरी आहे तोवरच त्याची नोंदणी झालीय का, पगाराची पावती मिळते का, भविष्य निधी कापला जातो का, हे बघून ठेवा. काढल्यावर कागद शोधत बसलं तर हाती काही लागत नाही.

आणि ज्या अशा फाटकातून कामाला जातात त्यांनी चार गोष्टी करा. नोंदणीला स्वतःचा मोबाइल नंबर द्या, नवऱ्याचा किंवा मुलाचा नको. तो नंबर दुसऱ्याच्या खिशात गेला की तुमचं कामही त्याच्या खिशात गेलं. आत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ आपल्या वहीत लिहा. यंत्र हजेरी ठेवतं आणि पगार कापताना तीच दाखवतात, तेव्हा आपलीही वही हवी. फोटो किंवा आधारची प्रत मागितली तर कशासाठी, कोणाकडे राहणार, हे विचारा. विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही. आणि कार्ड हरवलं तर त्याच दिवशी कळवा, नाहीतर आळ आपल्यावर येतो.

शेवटचं. बंगल्याला माणूस लागतोच, हे पावसाळा आला की मालकांना कळतं. आमचा गट आता त्या बंगल्यांना एक लेखी प्रस्ताव देतोय. आठवड्यातून दोन फेऱ्या, गळती बघणं, टाकी बघणं, वादळाचा इशारा आला की दारं-खिडक्या बंद करणं, आणि त्याचा ठरलेला मोबदला गटाच्या खात्यात. त्या फेऱ्यांत रोजंदारीवर आधी त्या राखणदारालाच घ्यायचं, असं आम्ही ठरवलंय. होकार अजून आलेला नाही. आला की याच रेडिओवर सांगेन, नाही आला तरी सांगेन.

तुमच्या गावात असं फाटक आलं असेल, तर पुढच्या बैठकीत एवढं एकच विचारा: वीज गेली तर किल्ली कोणाकडे आहे? तिथून बोलणं सुरू करा.

येते मग. नमस्कार.