कृत्य घडले, पण गुन्हा घडला काय?



खुनाच्या खटल्यातील एखादा आरोपी निर्दोष सुटला, म्हणजे दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानापासून देवळाच्या पारापर्यंत एकच उद्गार ऐकू येतो : "मारले त्यानेच, हे साऱ्या गावाला ठाऊक, तरी सुटला! मग कायदा हवा कशाला?" हा संताप आम्हांस समजतो. तथापि त्यात एक गैरसमज दडलेला आहे, आणि तो दूर करावा एवढ्याचसाठी आज आम्ही आपणांपुढे उभे आहोत. माणूस मेला, यावरून कृत्य घडले एवढेच सिद्ध होते. गुन्हा घडला किंवा नाही, हा प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली ज्या दंडसंहितेचा मसुदा केला, ती १८६० साली मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अंमलात आली. तिच्या कलम ७६ ते १०६ मध्ये 'सर्वसाधारण अपवाद' सांगितलेले होते. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. कलमांचे आकडे बदलून १४ ते ४४ झाले. तत्त्वे मात्र बव्हंशी तीच राहिली. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा होत नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाला आपल्या कृत्याची समज आली होती काय, हे पाहिले जाते. लाकडे फोडताना कुऱ्हाडीचे पाते निसटून शेजारी उभा असलेला माणूस दगावला, आणि फोडणाऱ्याने योग्य ती खबरदारी घेतली होती, तर तो अपघात होय. मोठी आग पसरू नये म्हणून माणसे व मालमत्ता वाचविण्याच्या शुद्ध हेतूने मधले घर पाडले, तर तोही अपराध नव्हे. ही काही कायद्याने दाखविलेली दया नव्हे. शिक्षेस पात्र होण्याजोगे येथे काही घडलेलेच नाही, असा कायद्याचा निर्णय आहे.

या अपवादांपैकी सर्वांत नाजूक अपवाद म्हणजे वस्तुस्थितीविषयीचा गैरसमज. ओरिसा उच्च न्यायालयापुढे १९५९ साली एक विलक्षण खटला आला. रसगोविंदपूर येथे युद्धकाळातील एक ओसाड विमानतळ होता आणि तेथे रात्री भुते वावरतात अशी आसपासच्या लोकांची समजूत होती. काही मंडळी ती भुते पाहण्यासाठी रात्री निघाली. त्यांच्यात एक नेपाळी नोकर होता. दूरवर मिणमिणता दिवा आणि त्याभोवती हलणाऱ्या आकृती दिसताच तो खुकरी उपसून धावला आणि त्याने वार केले. एक स्त्री ठार झाली, दोघी जखमी झाल्या. त्या मोहाची फुले वेचण्यासाठी कंदील घेऊन आलेल्या आदिवासी स्त्रिया होत्या! सेशन्स कोर्टाने त्यास सोडले आणि उच्च न्यायालयानेही ती सुटका कायम केली. आपण भुतांवर वार करीत आहोत, असे तो मनापासून समजत होता. अधिक दक्षता बाळगली असती तर अनर्थ टळला असता, हे खरे. परंतु तेवढ्यावरून त्याचे संरक्षण हिरावून घेता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

येथे एक कसोटी हाती येते, ती आपण ध्यानात ठेवावी. आरोपीने जे खरे मानले ते खरोखरच खरे असते, तर त्याचे कृत्य निर्दोष ठरले असते काय? ठरले असते, तरच तो गैरसमज त्यास वाचवितो. शिवाय तो गैरसमज वस्तुस्थितीचा हवा. 'कायदाच मला ठाऊक नव्हता' ही सबब चालत नाही.

'मी शुद्धीत नव्हतो' ही सबबही आपण वारंवार ऐकतो. पेप्सू राज्यातील एका लग्नाच्या जेवणावळीत, लष्करातून निवृत्त झालेल्या एका जमादाराने पंधरा-सोळा वर्षांच्या मुलास जरा बाजूस सरकण्यास सांगितले. मुलगा सरकला नाही, म्हणून त्याने पिस्तूल झाडले आणि मुलगा प्राणास मुकला. जमादार पुष्कळ दारू प्यालेला होता. परंतु तो आपल्या पायांनी चालत होता, सुसंगत बोलत होता, आणि पकडला गेल्यावर त्याने क्षमाही मागितली. १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने खुनाचीच शिक्षा कायम केली. नकळत किंवा बळजबरीने कोणी पाजली असेल आणि त्यामुळे समजच नाहीशी झाली असेल, तर गोष्ट वेगळी. स्वखुशीने भरलेला पेला अपवादाचा दरवाजा उघडीत नाही.

वेडाचीही तीच कथा. विचित्र वागणे म्हणजे कायद्याने मानलेले वेड नव्हे. कृत्य करतेवेळी त्याचे स्वरूप, अथवा ते चुकीचे वा बेकायदेशीर आहे हे कळण्याची शक्तीच मनोविकलतेमुळे लोपली होती काय, एवढाच प्रश्न असतो. अपवाद दाखविण्याचा भार आरोपीवर आहे. परंतु १९६४ साली गुजरातेतील एका पत्नीहत्येच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा भार दिवाणी दाव्यातल्याइतकाच हलका ठरविला. वेड सिद्ध झाले नाही, तरी हेतूविषयीच रास्त संशय उरला तर त्याचा लाभ आरोपीस मिळतो, असेही सांगितले. त्या आरोपीस मात्र तो लाभ मिळाला नाही. आणि वेडाच्या कारणाने जो निर्दोष ठरतो, तो मोकाट फिरतो असेही नाही. त्याला सुरक्षित ताब्यात ठेवण्याची तरतूद आहे.

आता स्वसंरक्षण. १९५० साली कटनीच्या दंगलीत जमावाने एका माणसाच्या भावाचे लगतचे दुकान फोडून लुटले, आणि मग त्याच्या स्वतःच्या दारावर लाठ्या आदळू लागल्या. आत बायकामुले होती. त्याने गोळी झाडली व एकजण मेला. खालच्या न्यायालयांनी त्यास खुनी ठरविले. परंतु १९५२ साली सर्वोच्च न्यायालयात, पूर्वी नागपूरला न्यायाधीश असलेल्या न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी त्यास मुक्त केले. दार फुटून जमाव आत येईपर्यंत त्याने थांबावयास हवे होते, असे कायदा म्हणत नाही. अशा क्षणी केलेली कृती सोन्याच्या काट्यावर तोलता येत नाही. परंतु हा हक्क संकट उभे असेपर्यंतच असतो. ते टळल्यावर उगारलेला हात सूडाचा होय.

म्हणूनच १ जुलै २०१८ हा दिवस आम्हांस विसरता येत नाही. धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यास नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना, मुले पळविणारी टोळी समजून, जमावाने ग्रामपंचायतीच्या कचेरीत ठेचून मारले. 'गैरसमज झाला' असे नंतर पुष्कळांनी म्हटले. आरोपींच्या खटल्याविषयी आम्ही येथे बोलत नाही. केवळ मघाची कसोटी लावून पाहू. ते पाचजण खरोखरीच मुले पळविणारे असते, तर खोलीत कोंडलेल्या, निःशस्त्र माणसांना ठार मारणे कायदेशीर झाले असते काय? नाही, त्रिवार नाही! मूल हिसकावून नेले जात असेल त्या क्षणी प्रतिकाराचा पुरा हक्क आहे. पकडलेल्या माणसाबाबत एकच कर्तव्य उरते : त्यास विनाविलंब पोलिसांच्या स्वाधीन करणे. भुताच्या भीतीने वार करणाऱ्यास कायद्याने सोडले. अफवेवर विश्वासून खोलीत कोंडलेल्यांना मारणाऱ्या जमावासाठी मात्र या एकतीस कलमांत एकही ओळ नाही.

बंधुभगिनींनो, उद्या आपल्याच बाजारात कोणी अनोळखी माणसाची गचांडी धरील आणि "चोर, चोर" असा ओरडा होईल. त्या वेळी गर्दीत आपणही असाल. गर्दीतील प्रत्येकाचे मन कायदा स्वतंत्रपणे तपासतो, एवढे त्या क्षणी आठवा, आणि धरलेला हात सोडवून त्या माणसास पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचवा. एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.